लेनचं शेवटचं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगावं असं माणूस समोर नव्हतं म्हणून नाही — होतं. एकदा तर त्या माणसानं माझा हात हातात घेऊन माझे आभार मानले, आणि तरी मी तोंड उघडलं नाही. आता तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मी एका मेलेल्या मुलाबद्दल खोटं बोलले. त्याच्या बहिणीसमोर बोलले. तिनं मला एकच गोष्ट मागितली होती — खरं सांग — आणि मी माइक हातात धरून, छाती पुढे काढून, खोटं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला राग येतो. अजून येतो. त्या टाळ्यांचा येतो, ज्यांनी मला असं बोलायला शिकवलं त्यांचा येतो, मेल्या माणसाला धड मरूही न देणाऱ्या आपल्या सगळ्यांचा येतो. पण हा राग मी कितीही लांब फेकला तरी फिरून माझ्याच अंगावर येतो. म्हणून आधी माझ्यापासून सुरुवात करते.

मी सातारा जिल्ह्यातली. आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. गावाच्या कमानीशेजारी काळ्या दगडाची पाटी आहे, तिच्यावर वीर जवानांची नावं आहेत आणि त्यांत माझ्या नानाकाकांचं नाव आहे. नानाकाका छावणीच्या इस्पितळात काविळीनं गेले. गोळी नाही, शत्रू नाही — कावीळ. घरात सगळ्यांना माहीत होतं. घराबाहेर मात्र ते 'धारातीर्थी' पडले होते. कुठलं तीर्थ, कसली धार? पण शब्द असा आहे की तो एकदा नावाला चिकटला की पुढे कुणी काही विचारत नाही.

त्या शब्दावर मी मोठी झाले. आमच्या हायस्कूलला माने सर होते. फार चांगले शिक्षक. घरातली पहिली पदवी माझी, आणि ती सरांशिवाय झाली नसती, हे मी आजही कुणासमोरही म्हणेन. सर आम्हाला वक्तृत्व स्पर्धेला तयार करायचे. 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग' इथपासून हात कुठे उचलायचा, आवाज कुठे खाली आणायचा, सगळं. आणि त्यांचा एक नियम होता. शहिदावर भाषण असेल तर शेवट त्याच्याच वाक्यानं करायचा. "शेवटचं वाक्य मेलेल्या माणसाच्या तोंडी घाल, शुभांगी. टाळी तिथंच पडते."

नानाकाकांचं शेवटचं वाक्य कुणालाच माहीत नव्हतं. काविळीत ते शुद्धीवरच नव्हते म्हणे. मग सरांनी ते लिहून दिलं — 'माझ्या माणसांना सांगा, मी पाठ दाखवली नाही.' आठवीपासून मी ते म्हणत आले. एक हात हृदयावर, एक हात वर. तालुक्याला पहिली, जिल्ह्याला दुसरी. समोर पहिल्या रांगेत शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन नानाकाकू बसलेली असायची. वीरपत्नी म्हणून तिला खुर्ची असायची. मी वाक्य म्हटलं की सगळे तिच्याकडे बघायचे. ती खाली बघायची. मला वाटायचं, तिला गहिवरून येतं. मी लहान होते — असं म्हणता आलं असतं. पण बारावीलाही मी तेच वाक्य म्हटलं होतं, आणि बारावीतली मुलगी काही लहान नसते.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही.

दोन हजार पंधरा साली मी कॅनडाला आले. व्हिटबीजवळच्या एका कॉलेजात हेल्थकेअर मॅनेजमेंटचा कोर्स, एका गुजराती कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये आम्ही तिघी मुली, आणि आठवड्याला ठरलेले तास एका वृद्धनिवासात काम. काम जेवणघरातलं. टेबलं लावायची, सूप वाढायचं, दुपारी चहा द्यायचा. त्या चहावरून डॉट आणि माझी ओळख झाली.

डॉट म्हणजे डोरोथी. नव्वदीला टेकलेली, व्हीलचेअरवर, कानाला मशीन. मूळची ऑस्ट्रेलियाची. दुसऱ्या महायुद्धानंतर एका कॅनेडियन माणसाशी लग्न करून बोटीनं इकडे आली आणि इथलीच झाली, पण चहाच्या बाबतीत नाही. इथे चहा म्हणजे कोमट पाण्यात पिशवी बुडवून दोरा बाहेर लोंबत ठेवायचा. डॉट तो कप दोन बोटांनी बाजूला सारायची. एक दिवस मी किचनमध्ये जाऊन पातेल्यात चहा उकळला, दूध घालून, आपल्यासारखा. तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "अखेर या देशात एक तरी सुशिक्षित माणूस आलं, लव्ह."

लव्ह. ती मला लव्हच म्हणायची. प्रेमाबिमाचं नव्हे — तिकडे दूधवाल्यालाही म्हणतात, असं तिनंच सांगितलं. पण या देशात मला नाव सोडून काहीतरी म्हणणारी ती पहिली होती. हा शब्द लक्षात ठेवा.

तिच्या खोलीत एका मुलाचा फोटो होता. गणवेशातला, हॅट एका बाजूनं वर दुमडलेली, कान बाहेर आलेले. मी एकदा सहज विचारलं. ती म्हणाली, "माझा भाऊ लेन. न्यू गिनीला गेला, लढाईत." आणि विषय बदलला. मला ओळखीचं वाटलं ते. मी म्हणाले, माझे काकाही सैन्यातच गेले. आणि मग — का कोण जाणे, तिच्या खोलीतली दुपारची उन्हं, किंवा आपलं कुणी इथे ओळखीचं नाही हा मोकळेपणा — मी पुढे बोलून गेले, "पण गोळीनं नाही. काविळीनं. आमच्या गावात हे कुणी म्हणत नाही."

डॉटनं चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, "दार लावून घे."

लेन म्हणजे नुसता लेन, त्याच्यात सांगण्यासारखं फार काही नव्हतं, असं तिनं सुरू केलं. गव्हाच्या शेतांमधलं लहान गाव. लेन शाळा सोडून बेकरीत लागला. सकाळी घोडागाडीतून घरोघर पाव पोचवायचा. घोडीचं नाव डचेस. डचेस म्हातारी होती, तिला सगळी घरं पाठ, ती आपणहून थांबायची आणि लेन मागे पेंगलेला असायचा. घोडीच्या अंगाचा वास असा, की ब्रेडलाही तो येतो म्हणून बायका तक्रार करायच्या. डॉट शाळेत जाताना गाडीत मागे बसायची आणि नाक दाबून ओरडायची, "हिला आंघोळ घाल!" लेन म्हणायचा, "तिला तुझाच वास येतोय, म्हणून ती मान फिरवतेय." रोज तेच. भावाबहिणीची रोजची भांडणं कशी असतात, तशी.

मग लढाई आली. लेन पायदळात गेला. का गेला? डॉट म्हणाली, कारण सगळे जात होते आणि कारण गाव कंटाळवाणं होतं. देशासाठी वगैरे त्यानं घरी काही म्हटलं नाही. आईला म्हणाला, बूट मिळतात. त्याचे पाय एवढे मोठे होते की घरात त्याला नवे बूट कधी मिळालेच नव्हते. सैन्यातही त्याच्या मापाचे मिळेनात. छावणीतून घरी कळवलं ते काय, तर देशाकडे माझ्या पायांसाठी कातडं नाही.

न्यू गिनी बेटावरच्या डोंगरांत त्यांना पाठवलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पाऊस आणि चिखल. झाडांची मुळं धरून चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. समोर जपानी, पाच पावलांवर असले तरी न दिसणारे. तो लढला, डॉटनं हे ठासून सांगितलं. त्याच्या तुकडीची मशीनगन तो पाठीवर घेऊन चढायचा कारण तो अंगानं थोराड होता. रात्री हेल्मेटनं खड्डा खणून त्यात पाण्यात बसून राहायचा. एकदा जखमी झालेल्या पोराला त्यानं खांद्यावर घालून खाली आणलं. पण त्याला मारलं ते जपान्यांनी नाही.

हगवणीनं मारलं. रक्ती आवेनं. सगळ्या पलटणीला झाली होती. चालता चालता इतक्यांदा थांबावं लागे की पोरांनी पँटींचे मागचे भाग कापून टाकले होते. डॉट म्हणाली, "कळलं का, लव्ह? अख्खी तुकडी उघड्या ढुंगणानं डोंगर चढत होती. आणि लढत होती." ती हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले.

लेनचा सोबती क्लॅरी हे पाहून परत आला होता. लेन वाटेच्या कडेला एका झाडाला टेकून गेला. क्लॅरीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. लेनच्या अंगाला वास येत होता, घाणीचा, कुजलेल्या कपड्यांचा, आणि लेनला ते कळत होतं. तो म्हणाला, "डॉटला सांग — डचेस परवडली."

एवढंच. थोड्या वेळानं गेला.

घरी तार आली, आजारानं मृत्यू. आईनं ती वाचली आणि घडी घालून ठेवून दिली. गावातल्या चर्चमध्ये प्रार्थना झाली, तेव्हा पाद्री म्हणाला की आपला लेन शत्रूला सामोरा जाताना पडला. आईनं मान हलवली. गावानं मान हलवली. पंधरा वर्षांची डॉट बाकावर बसून होती. महिन्यांनी क्लॅरी आला आणि त्यानं बेकरीच्या मागे, डचेसच्या तबेल्यात, तिला खरं सांगितलं. आईला सांगायची तिची हिंमत झाली नाही. नंतर आई गेली, क्लॅरीही गेला. नवऱ्याला युद्धाच्या गोष्टी ऐकवत नसत. मुलगा कॅलगरीला, तो कधी विचारतच नाही. आता ते वाक्य माहीत असलेलं जगात एकच माणूस उरलं होतं.

"आणि आता तू," डॉट म्हणाली.

मी तिचा हात धरला. तेव्हा माझ्या मनात काहीही खोटं नव्हतं. हे मला नीट आठवतं, आणि त्याचाच मला अधिक संताप येतो.

दुसऱ्या वर्षीचा नोव्हेंबर आला. अकरा तारखेला इथे युद्धात गेलेल्यांचं स्मरण करतात. कोटावर लाल पॉपीचं फूल लावतात, सकाळी अकराला स्तब्ध उभे राहतात. आमच्या निवासात कार्यक्रमांची व्यवस्था ब्रेन्डा नावाची बाई बघायची. ती म्हणाली, या वेळी स्टाफपैकी कुणीतरी एखाद्या रहिवाशाच्या कुटुंबातल्या सैनिकाबद्दल बोलावं. मी हात वर केला. माझा हात अशा वेळी आपोआप वर जातो. शाळेची सवय.

डॉटला विचारलं. ती म्हणाली, "माझा आवाज आता माइकवर टिकत नाही. तू सांग. पण जसं झालं तसं सांग. त्याचं वाक्य सांग. लोक हसले तर हसू देत — त्याला हसवायचंच होतं. सत्तर वर्षं झाली, लव्ह, त्याच्या विनोदावर अजून कुणी हसलेलं नाही."

काय मागितलं होतं तिनं? पदक नाही, पुतळा नाही. भावाच्या विनोदावर एकदा लोकांनी हसावं. याहून लहान मागणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

मी लिहिलं. खरं लिहिलं. ब्रेन्डाला दाखवलं. ती हगवणीपाशी आली आणि तिनं नाक मुरडलं. "शुबी, स्वीटी, यानंतर लगेच लंच आहे. टोमॅटो सूप आहे." मी हसले. ती म्हणाली, "आजारी होता म्हण ना, पुरे. आणि ते घोडीचं — लोकांना कळणार नाही. काहीतरी... अपलिफ्टिंग?"

आता मी ब्रेन्डाच्या नावावर हे खपवू शकते. तुम्ही म्हणालही, बिचारी परदेशात, नोकरी जाईल म्हणून घाबरली. पण खरं ते सांगते — नोकरी जाणार नव्हती. ब्रेन्डा विसरूनही गेली असती. तिनं फक्त हगवण आणि घोडीचं वाक्य काढायला सांगितलं होतं. त्या जागी खोटं घालायला तिनं सांगितलं नव्हतं. ते मी केलं. आणि घरी बसून ठरवून केलं असंही नाही. मी त्या दिवशी उभी राहिले तेव्हा माझ्या हातातल्या कागदावर शेवटची ओळ कोरी होती. ऐन वेळी धीर करून डचेसचं सांगून टाकू, असा माझा विचार होता. असा विचार होता — हे म्हणणं किती सोपं आहे!

जेवणघरात सगळे बसले होते. पॉपीची फुलं, म्हाताऱ्यांची इस्त्रीची जाकिटं, त्यांवर जुनी पदकं. पहिल्या रांगेत डॉट. तिनं कानाच्या मशीनमध्ये मुद्दाम नवी बॅटरी घालून घेतली होती.

मी बोलायला लागले. पहिल्या दोन वाक्यांतच मला कळलं की लोक ऐकतायत. या देशात मी दीड वर्ष ट्रे उचलत होते, आणि आज माझ्या आवाजावर लोक थांबले होते. माझा आवाज खाली गेला, बरोबर जिथे जायला हवा तिथे. हात वर गेला. मी डोंगर सांगितला, पाऊस सांगितला, खांद्यावरचं पोर सांगितलं. 'आजारी' हा शब्दसुद्धा मी गिळला. मी म्हणाले, लेन पडला. आणि मग माने सर जणू माझ्या मागे येऊन उभे राहिले. माझा एक हात हृदयावर होता. मी म्हणाले, त्याचे शेवटचे शब्द होते —

"टेल माय सिस्टर, आय डिड नॉट शो माय बॅक."

पाठ दाखवली नाही. इंग्रजीत असं म्हणतही नाहीत. ते मराठी आहे, माने सरांचं आहे, माझ्या काविळीनं गेलेल्या काकांच्या तोंडी घातलेलं आहे. साताऱ्याच्या व्यासपीठावरचं ते वाक्य मी उचललं आणि एका ऑस्ट्रेलियन पाववाल्या पोराच्या तोंडात कोंबलं. ज्याच्या पँटीचा मागचा भाग कापलेला होता, ज्याच्या तुकडीतल्या प्रत्येकाचं ढुंगण उघडं होतं, त्या पोराला मी म्हणायला लावलं, की मी पाठ दाखवली नाही.

टाळ्या. लोक रडत होते. ब्रेन्डा माझ्या दंडाला धरून म्हणाली, "तो ऑस्ट्रेलियन वाक्प्रचार आहे का? किती सुंदर!" मी म्हणाले, हो.

मी डॉटकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिनं हात वर नेला, कानातलं मशीन काढलं आणि समोरच्या बशीत ठेवलं. हळूच, आवाज न करता.

सूप वाढायला मीच होते. तिच्यापाशी गेले, वाकले. तिनं मान वर केली. रागावली नव्हती ती. रागावली असती तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. ती म्हणाली, "तू ज्याच्याबद्दल बोलत होतीस, तो कोण होता?"

मी सूप ठेवलं. ती म्हणाली, "थँक यू, डिअर."

डिअर. त्या दिवसापासून मी डिअर झाले. निवासातल्या सगळ्यांना ती डिअर म्हणायची. नर्सला, झाडूवाल्याला, ब्रेन्डाला. मी चहा उकळून नेत राहिले, ती पीत राहिली, आणि लेनचं नाव त्या खोलीत पुन्हा निघालं नाही. मी माफी मागितली का? नाही. रोज ठरवायचे आणि रोज तिला चहात साखर किती, ते विचारून परत यायचे. जसं काही मला ते ठाऊक नव्हतं!

माझं भाषण ऐकायला आलेल्या बेसमेंटमधल्या एका मुलीनं त्याचा व्हिडिओ काढला होता. तो गावी गेला. माने सरांनी तो शाळेच्या ग्रुपवर टाकला — 'सातासमुद्रापार आपल्या विद्यार्थिनीचा आवाज.' अभिनंदनाचा पूर आला. मग एका रविवारी नानाकाकूचा फोन आला. तिला इंग्रजी येत नाही. पोरांनी तिला अर्थ सांगितला होता.

"शुभे, त्येच वाक्य म्हणलीस व्हय गं तितं? आपल्या ह्येंचं?"

मी म्हणाले, "हो काकू."

"आन् त्या पोराची भन बसली हुती म्हनं म्होरं."

"हो."

"मंग तिला कसं वाटलं?"

आयुष्यात मला असा सरळ प्रश्न कुणी विचारलेला नाही. मी म्हणाले, "रडली काकू. खूप खूश झाली."

"बरं झालं बाई," काकू म्हणाली. "मला कवा कुनी इचारलं न्हाई, मला कसं वाटतं."

आणि तिनं यंदा आमच्याकडे पाऊस कसा झालाच नाही, ते सांगायला सुरुवात केली. मला त्या क्षणी तिच्या मांडीवरची शाल दिसली, नारळ दिसला, खाली गेलेली मान दिसली. इतकी वर्षं मी त्याला गहिवर म्हणत होते. तिचा नवरा कावीळ होऊन, पिवळा पडून, बडबडत गेला होता, आणि दरवर्षी एक शाळकरी पोरगी तिच्यासमोर हात उंचावून त्याचं दुसरंच मरण तिला ऐकवत होती. तिनं त्याला शेवटचं पाहिलं होतं. मी नव्हतं. तरी बोलत मी होते.

पुढच्या वसंतात डॉट गेली. झोपेतच. मला वाटलं, गोष्ट मिटली. बघा, कसं वाटलं मला!

तिचा मुलगा कॅलगरीहून आला. उंच, साठी उलटलेला, मोठे पाय. प्रार्थनेनंतर त्यानं मला शोधून काढलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, ब्रेन्डानं मला तुमचं भाषण पाठवलं होतं. आई लेनमामाबद्दल कधी बोलायची नाही. मला वाटायचं, तिला त्याची लाज वाटते की काय. त्याचे शेवटचे शब्द मला तुमच्यामुळे कळले. मी तुमचा ऋणी आहे.

इथे सांगायला हवं होतं. भरपूर वेळ होता. तो घाईत नव्हता, माणूस चांगला होता, हसला असता. डचेस परवडली, एवढे दोन शब्द सांगितले असते तर सत्तर वर्षांनी कुणीतरी लेनच्या विनोदावर हसलं असतं, आणि तो माणूस तर हसताना आईसारखाच दिसला असता. मी काय म्हणाले?

"यू आर वेलकम."

त्या उन्हाळ्यात त्यानं व्हिटबीला तळ्याच्या काठावर आईच्या नावानं एक बाक बसवला. इथे तशी रीत आहे. बाकाच्या पाठीवर पितळेची पट्टी. वर डॉटचं नाव, खाली लेनचं, आणि त्याखाली अवतरणचिन्हांत ते वाक्य. ब्रेन्डानं मला फोटो पाठवला, हृदयाचं चित्र जोडून. मीही तिला हृदय पाठवलं.

आता मी ओटावाला असते. माझी पदवी, माझी नोकरी, माझा कॉन्डो — सगळं चांगलं चाललंय, आणि ज्यांनी हे मिळवून दिलं त्यांच्याबद्दल मला कृतज्ञताच आहे, माने सरांबद्दलसुद्धा. पण वीस वर्षांच्या पोराकडून मरताना भाषणाची अपेक्षा करणाऱ्या जगाचा मला राग आहे. हगवणीनं, काविळीनं, चिखलात, घाणीत मेलेल्या पोरांना धुऊनपुसून, इस्त्री करून पाटीवर चढवणाऱ्यांचा राग आहे. आणि त्या पाटीवर अक्षरं कोरणाऱ्यांत माझा हात आहे. तो सरांचा नव्हता, ब्रेन्डाचा नव्हता. मला खरं माहीत होतं. दोन्ही वेळेला मला माहीत होतं.

गेल्या वर्षी कामासाठी टोरोंटोला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून व्हिटबीला उतरले. बाकावर एक जोडपं बसलं होतं, कॉफी पीत, पाठ टेकून. पाठ बरोबर त्या वाक्यावर. मी थोडी लांब उभी राहिले. ते उठून गेले तेव्हा मी जवळ गेले आणि वाचलं. पट्टी चकचकीत आहे. पितळ चांगलं आहे, टिकेल.

त्या पट्टीवरचं वाक्य लेनचं नाही. ते माझं आहे. लेन म्हणाला होता, डॉटला सांग — डचेस परवडली.